गेमची फाइल अँटिव्हायरस पुन्हा पुन्हा काढून टाकतो: कारण शोधण्याची आणि ते दूर करण्याची रीत

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बेळगावच्या शाहापुरातल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर एकच लॅपटॉप तीन वेळा आला. तो खानापूर तालुक्यातल्या एका गावातून येणाऱ्या अकरावीच्या मुलाचा होता आणि तक्रार तिन्ही वेळा एकच होती. विकत घेतलेला, रीतसर पैसे भरलेला गेम दोन-चार दिवस चालतो आणि मग एके सकाळी उघडतच नाही. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "काका, कालच परत डाऊनलोड केलेलो की, आज पुन्हा गेली बघा फाइल." त्याच्या गावात तारेचे इंटरनेट नाही. वडिलांच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दीड जीबी एवढीच मर्यादा असते आणि ती सगळी, उडवली गेलेली फाइल परत आणण्यात संपत होती. पहिल्या दोन्ही खेपांना मी फाइल परत मिळवून दिली, गेम चालू करून दाखवला आणि मुलाला घरी पाठवले. ते काम अपुरे होते, कारण फाइल का जाते हे मी शोधले होते, परंतु ती पुन्हा का जाते हे शोधले नव्हते.

बेळगाव, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यातून माझ्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक तक्रारींमध्ये हेच झालेले असते. फाइल परत आणणे सोपे आहे. इशारा खरा की खोटा हे ठरवणे आणि खोटा असेल तर तो परत का उठतो याचा माग काढणे, ही दोन कामे राहून जातात.

सर्वप्रथम हे अँटिव्हायरसचेच काम आहे याची खात्री करावी

जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात वीज जाण्याचे प्रमाण मोठे असते आणि गेम अद्ययावत होत असताना वीज गेली की फाइल अर्धवट लिहिली जाते. अशा वेळी दिसणारी लक्षणे अगदी तीच असतात, म्हणजे गेम उघडत नाही, चिन्हाच्या जागी पांढरा कागद दिसतो किंवा अमुक फाइल सापडत नाही असा संदेश येतो. फरक ओळखण्याची साधी खूण अशी आहे की विजेमुळे बिघडलेली फाइल एकदा दुरुस्त केली की दुरुस्तच राहते. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमच्या नावावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये इन्स्टॉल्ड फाइल्स या भागात फाइली पडताळण्याची सोय आहे आणि एपिक व जीओजी यांच्या दुकानांतही तशीच सोय आहे. पडताळणीनंतर तीच एक फाइल काही तासांत किंवा दिवसांत पुन्हा नाहीशी झाली, तर संशय अँटिव्हायरसवर घ्यावा.

त्यानंतर पुरावा पाहावा. विंडोजचे स्वतःचे डिफेंडर चालू असेल तर विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन या भागातील प्रोटेक्शन हिस्टरी पाहावी. तेथे कोणती फाइल, कोणत्या फोल्डरमधून, किती वाजता आणि कोणत्या नावाचा धोका म्हणून उचलली हे लिहिलेले असते. ही नोंद साधारण दोन आठवडेच ठेवली जाते, त्यामुळे दुकानात आणण्यापूर्वी त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर दुरुस्ती करणाऱ्याचे निम्मे काम होते. क्विक हील, कॅस्परस्की, अवास्ट किंवा अन्य कोणतेही अँटिव्हायरस असले तरी त्यात उचललेल्या फाइली कोंडून ठेवणारा, क्वारंटाइन या नावाचा किंवा तशा अर्थाचा कप्पा असतोच, आणि हीच माहिती त्यात मिळते.

गेमवरच संशय का येतो

अँटिव्हायरस केवळ ओळखीच्या विषाणूंच्या यादीशी फाइल जुळवून पाहत नाही. अनोळखी फाइलची बांधणी कशी आहे, ती चालू झाल्यावर काय करू पाहते आणि जगात किती संगणकांवर ती आधी दिसली आहे, हेही तो पाहतो. आता गेमकडे या नजरेने पाहावे. नक्कल होऊ नये म्हणून अनेक गेमची मुख्य फाइल कुलूपबंद आणि दाबून लहान केलेली असते, आणि विषाणू लिहिणारेही आपला कोड लपवण्यासाठी नेमके तेच करतात. गेमचा लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, इंटरनेटवरून दुसरा प्रोग्रॅम आणून आपल्या शेजारी बसवतो. पडद्यावर आकडे किंवा गप्पांची चौकट दाखवणारे ओव्हरले दुसऱ्या प्रोग्रॅमच्या स्मृतीत शिरतात. जुन्या गेमना मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेले बदल, बसवताना डीइनपुट-८ सारखी विंडोजच्याच फाइलचे नाव धारण करणारी डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी जोडफाइल) गेमच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते, जेणेकरून गेमने ती आधी उचलावी. हीच युक्ती विषाणूही वापरतात.

फसवणूक रोखणारे अँटी-चीट प्रोग्रॅम तर विंडोजच्या गाभ्यापर्यंत जाणारा ड्रायव्हर बसवतात आणि त्यांच्याविषयीचा संशय निराधार नाही. २०२२ मध्ये गेन्शिन इम्पॅक्ट या गेमच्या अँटी-चीट ड्रायव्हरचा वापर करून खंडणीखोर हल्लेखोरांनी संगणकांवरील अँटिव्हायरसच बंद पाडल्याचे उघडकीस आले होते. हा गेम त्या संगणकांवर असण्याचीही गरज नव्हती, कारण हल्लेखोर अस्सल सहीचा तो ड्रायव्हर स्वतःच सोबत आणत होते. पंख्यांचा वेग आणि रंगीत दिवे सांभाळणाऱ्या अनेक प्रोग्रॅममध्ये असलेला विनरिंग-झिरो हा ड्रायव्हर २०२५ मध्ये डिफेंडरने उचलायला सुरुवात केली, तेव्हाही अनेकांना तो खोटा इशारा वाटला. प्रत्यक्षात त्या ड्रायव्हरमध्ये २०२० पासून नोंदलेला खरा दोष आहे. प्रोग्रॅम स्वच्छ असूनही त्याचा ड्रायव्हर धोकादायक असू शकतो, आणि अशा ठिकाणी सूट देण्याऐवजी त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घेणे हाच योग्य मार्ग आहे.

अँटिव्हायरसकडून चूक होते हेही तितकेच खरे आहे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अद्ययावत यादीने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट ही फाइल विषाणू ठरवली आणि असंख्य संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. विंडोजच्या गाभ्यातील फाइलच्या बाबतीत असे घडू शकते, तर चार जणांनी मिळून बनवलेल्या, फारशा संगणकांवर न पोहोचलेल्या गेमच्या बाबतीत ते अधिक सहज घडते.

इशारा खरा की खोटा

माझ्या मते संपूर्ण दुरुस्तीतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हा आहे आणि तो वगळून पुढे जाऊ नये. पहिला प्रश्न फाइल आली कुठून हा विचारावा. गेम अधिकृत दुकानातून आला असेल आणि दुकानाच्याच पडताळणीने ती फाइल पुन्हा तशीच आणून ठेवली असेल, तर खोट्या इशाऱ्याची शक्यता मोठी आहे. गेम मित्राच्या पेनड्राइव्हवरून आला असेल, त्यात स्टीमची मूळ डीएलएल बदलून दुसरी घातलेली असेल किंवा परवान्याचा बनावट क्रमांक तयार करणारा कीजेन नावाचा प्रोग्रॅम सोबत असेल, तर मी ती फाइल परत आणून देत नाही. "बसवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा" अशी सूचना ज्या गेमसोबत येते, त्या गेममध्ये काय दडलेले आहे हे तपासण्याचा मार्गच ती सूचना बंद करते. अशा फाइलींपैकी काही निरुपद्रवी असतीलही, परंतु बँकेचा पासवर्ड ज्या संगणकावर टाइप होतो त्यावर हा जुगार खेळण्याचे कारण नाही, हे मी येणाऱ्या प्रत्येक पालकाला स्पष्टपणे सांगतो.

दुसरी गोष्ट म्हणजे धोक्याचे नाव वाचावे. डिफेंडरने दिलेल्या नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि एमएल ही अक्षरे असतील, तर तो निर्णय यंत्र-शिक्षणाच्या अंदाजावरून घेतला आहे असे समजावे, आणि वाकाटॅक हे नाव या शेपटीसह गेमच्या फाइलींवर वारंवार दिसते. जेनेरिक, ह्यूर, सस्पिशस असे शब्द असलेली नावेही अंदाजाचीच असतात. पीयूए असे आरंभी असेल तर तो नको असलेला प्रोग्रॅम असतो, जाहिराती दाखवणारा किंवा सोबत दुसरे काही बसवणारा. अंदाजावरून दिलेले नाव म्हणजे खोटा इशारा असे मात्र मुळीच नाही, कारण नवा खरा विषाणूही सुरुवातीला याच नावाने पकडला जातो.

तिसरी गोष्ट सहीची आहे. फाइल परत आणावी, परंतु ती चालवू नये. तिच्यावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स हा भाग आहे का आणि त्यातील नाव गेम बनवणाऱ्या कंपनीचेच आहे का, ते पाहावे. तपशील उघडल्यावर सही वैध असल्याचे लिहिलेले असले पाहिजे. लहान निर्मात्यांना सहीचे प्रमाणपत्र दरवर्षी विकत घेणे परवडत नाही, त्यामुळे सही नसणे हा दोष मानू नये. परंतु मोठ्या कंपनीच्या फाइलवरची सही तुटलेली असणे ही गंभीर खूण आहे.

यानंतर व्हायरसटोटल या संकेतस्थळावर ती फाइल तपासावी. ही सेवा २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झाली आणि २०१२ पासून गूगलकडे आहे. सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस एकाच वेळी फाइलवर काय म्हणतात ते तेथे दिसते. मोबाइलच्या डेटावर मोठी फाइल चढवण्याची आवश्यकता नाही. सेव्हन-झिप बसवलेले असेल तर उजव्या क्लिकच्या मेनूत एसएचए-२५६ हा पर्याय आहे. त्यातून मिळणारा ६४ अक्षरांचा ठसा, म्हणजे त्या फाइलची ओळखखूण, संकेतस्थळाच्या शोधपट्टीत टाकला की, ती फाइल पूर्वी कोणी तपासली असल्यास निकाल लगेच मिळतो. एक-दोन अल्पपरिचित अँटिव्हायरसनी अंदाजाची नावे दिली असतील आणि बाकी सगळे शांत असतील, तर चित्र खोट्या इशाऱ्याचे आहे. अनेक प्रमुख अँटिव्हायरस एकाच घराण्याचे नाव घेत असतील, तर वाद संपला आणि फाइल पुन्हा क्वारंटाइनमध्ये जाऊ द्यावी. फाइल नवीकोरी असेल तर दोन दिवस थांबून तपासणी पुन्हा करून पाहावी, कारण पहिल्या दिवशी मिळालेल्या शून्यावर विसंबून चालत नाही. येथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना उपलब्ध होते, म्हणून घरची कागदपत्रे या संकेतस्थळावर कधीही टाकू नयेत.

खोटा इशारा पुन्हा पुन्हा का येतो

याचे सर्वांत सामान्य कारण गेमचे अद्ययावत होणे हे आहे. गेमची फाइल एका अक्षराने बदलली तरी तिचा ठसा पूर्णपणे बदलतो आणि मागच्या आवृत्तीला मिळालेली ओळख नव्या आवृत्तीला लागू होत नाही. दर पंधरा दिवसांनी बदलणारा गेम अँटिव्हायरसच्या दृष्टीने दर पंधरा दिवसांनी नवा पाहुणा असतो. त्यात दुकानाची पडताळणी आणि अँटिव्हायरस यांची रस्सीखेच सुरू झाली की एक फाइल आणतो आणि दुसरा काढतो. खानापूरच्या त्या मुलाचा डेटा यातच जात होता. म्हणून निर्णय होईपर्यंत गेमचे आपोआप अद्ययावत होणे थांबवून ठेवावे.

दुसरे कारण मला त्याच लॅपटॉपवर तिसऱ्या खेपेला सापडले आणि त्यानंतर ते मी प्रत्येक संगणकावर आधी पाहतो. त्यावर एक विकतचे अँटिव्हायरस होते आणि पहिल्या खेपेला मी गेमची फाइल त्याच्याच वगळलेल्या यादीत घातली होती. दुसऱ्या खेपेला ती यादी उघडली तर नोंद जशीच्या तशी होती, म्हणून दोष गेमचा समजून मी केवळ पडताळणी केली. तिसऱ्या खेपेला खिडकीच्या कोपऱ्यातली लाल पट्टी वाचली. वर्षाची मुदत संपलेली होती. विकतच्या अँटिव्हायरसची मुदत संपली की विंडोज स्वतःचे डिफेंडर पुन्हा कामाला लावते आणि डिफेंडरला त्या जुन्या यादीशी काही देणेघेणे नसते. प्रोटेक्शन हिस्टरी उघडली तेव्हा एकाच फाइलच्या तीन नोंदी एकाखाली एक उभ्या होत्या आणि तिन्हींच्या शेवटी एमएल होते. ज्याने पहारा सोडला होता त्याच्याकडून मी परवानगी घेतली होती आणि पहाऱ्यावर कोणी दुसराच उभा होता. विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी प्रोव्हायडर्स हा भाग उघडला की सध्या पहारा कोणाचा आहे हे एका ओळीत कळते.

गेम सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर हलवला की जुन्या मार्गावर दिलेली सूट निरर्थक होते, हे तिसरे कारण. काही लाँचर प्रत्येक वेळी टेम्प या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये नव्या नावाने फाइल उलगडतात आणि त्यामुळे एका फाइलला दिलेली सूट पुढच्या वेळी लागू पडत नाही. अशा वेळी संपूर्ण टेम्प फोल्डरला सूट देण्याचा मोह होतो, परंतु ते कदापि करू नये, कारण खरे विषाणू बहुधा तेथेच उतरतात.

गेम चालतो परंतु प्रगती साठवली जात नाही, अशी तक्रार असेल तर ते प्रकरण वेगळे आहे. विंडोज १० मध्ये २०१७ पासून कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस ही सोय आहे, जी डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रॅमला लिहू देत नाही. अनेक गेम आपली नोंद तेथेच ठेवतात. ही सोय मुळात बंद असते, परंतु कोणी चालू केली असेल तर रॅन्समवेअर प्रोटेक्शन या भागात जाऊन त्या एका गेमला परवानगी द्यावी. विंडोज ११ मधील, अनोळखी प्रोग्रॅम चालूच न देणारे स्मार्ट अॅप कंट्रोल मात्र एकेका प्रोग्रॅमला वेगळी सूट देत नाही, म्हणून तेथे सही असलेली आवृत्ती शोधणे श्रेयस्कर.

सूट द्यावी, परंतु बोटभर

तपासणीअंती इशारा खोटा ठरला तर डिफेंडरच्या मॅनेज सेटिंग्जमध्ये तळाशी एक्सक्लूजन्स हा भाग आहे. तेथे फाइल, फोल्डर, फाइलचा प्रकार आणि प्रोसेस असे चार पर्याय मिळतात. त्यांपैकी फाइल हाच निवडावा. फोल्डर निवडल्यास त्याच्या आतील सर्व फोल्डरनाही सूट मिळते, आणि फाइलचा प्रकार म्हणून सर्व ईएक्सईंना, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या फाइलींना, सूट देणे म्हणजे पहारा उठवणेच होय.

वडगावातून आलेल्या एका संगणकावर कोणीतरी गेमचा त्रास टाळण्यासाठी पूर्ण डी ड्राइव्ह वगळून ठेवला होता. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेल्या पेनड्राइव्हमधला शॉर्टकट विषाणू त्या ड्राइव्हवर कित्येक महिने सुखाने राहिला. घरातल्या लग्नाचे फोटो, यंत्रमागाच्या हिशेबाच्या फाइली, सगळ्यांच्या जागी शॉर्टकट झाले होते आणि डिफेंडर चालू असूनही एक शब्द बोलत नव्हता, कारण त्याला बोलू नको असेच सांगितलेले होते. मूळ फाइली लपवलेल्या स्थितीत शिल्लक होत्या म्हणून वाचल्या. सूट दिल्यानंतर पहारा अजून जागा आहे ना, हे आयकार या चाचणी-फाइलने पाहता येते. ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ असून सर्व अँटिव्हायरस ती मुद्दाम विषाणू म्हणून पकडतात. सूट दिलेल्या जागेबाहेर ती साठवली आणि इशारा आला नाही, तर काहीतरी जास्त उघडे राहिले आहे.

चूक कंपनीकडून दुरुस्त करून घ्यावी

सूट ही तात्पुरती सोय आहे. कायमचा उपाय म्हणजे ज्या अँटिव्हायरसने चूक केली त्याच्या कंपनीला ती फाइल पाठवून निर्णय बदलून घेणे, आणि हे काम सामान्य वापरकर्त्यालाही करता येते. मायक्रोसॉफ्टच्या फाइल-तपासणीच्या पानावर घरगुती ग्राहक म्हणून फाइल देता येते. ती चुकीने धोकादायक ठरवली गेली आहे असा पर्याय निवडून धोक्याचे नेमके नाव, गेमचे नाव आणि तो कोणत्या दुकानातून आला हे लिहावे. इतर कंपन्यांचीही अशी पाने किंवा पत्ते असतात. सोबत गेमच्या निर्मात्यालाही कळवावे, कारण पुढची आवृत्ती बाहेर सोडण्यापूर्वी तो स्वतः ती तपासणीसाठी पाठवू शकतो आणि त्यामुळे तक्रार मुळातच थांबते.

याचा अनुभव मला एका निर्मात्याच्याच बाजूने आला. बेळगावातल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने येळ्ळूरच्या राजहंसगडावर लहानसा गेम पायथॉनमध्ये लिहिला होता, गडाच्या वाटा शोधत वर जाण्याचा. पायथॉनचा कोड प्रोग्रॅममध्ये बांधून देणाऱ्या पायइन्स्टॉलरने त्याची एकच ईएक्सई करून त्याने मित्रांना दिली आणि ती कोणाच्याही संगणकावर टिकेना. दोष त्याच्या कोडचा नव्हता. पायइन्स्टॉलरचा तयार सांगाडा विषाणू लिहिणारेही वापरतात आणि त्यामुळे त्या सांगाड्याचीच बदनामी झाली आहे. शिवाय एकाच फाइलचा प्रकार निवडला की ती दर वेळी टेम्पमध्ये स्वतःला उलगडते. त्याने एका फाइलऐवजी फोल्डरचा प्रकार निवडला, यूपीएक्स या साधनाने फाइल दाबून लहान करणे बंद केले, सांगाडा आपल्या संगणकावर नव्याने बांधून घेतला आणि तयार झालेली फाइल तपासणीसाठी पाठवली. त्यानंतर त्याच्या मित्रांच्या संगणकांवर गड शिल्लक राहू लागला.

खानापूरच्या मुलाच्या बाबतीत मी मुदत संपलेले अँटिव्हायरस पूर्णपणे काढून टाकले, त्या एका फाइलला डिफेंडरमध्ये सूट दिली आणि त्याच्या समोरच बसून फाइल मायक्रोसॉफ्टकडे पाठवली. काही दिवसांनी फाइल स्वच्छ असल्याचे उत्तर आले. तेव्हा तो पुन्हा आला. आम्ही डिफेंडरची यादी अद्ययावत केली, दिलेली सूट काढून टाकली आणि गेमच्या फोल्डरवर उजवी क्लिक करून तपासणी चालवली. हिरवी खूण आली, फाइल जागेवर होती आणि त्या दिवशीचा दीड जीबी शिल्लक होता.